दुकानवाल्या काकांची हकालपट्टी: एका पतसंस्थेचं प्रकरण

सहकार कायद्याचं कलम ३५ बऱ्याच चेअरमन लोकांना अर्धंच पाठ असतं. "संस्था सभासदाला काढून टाकू शकते" इथपर्यंत. पुढे कोण काढणार, कुठे काढणार, किती मतांनी काढणार आणि त्यावर कुणाची सही लागणार हे सगळं त्याच कलमात लिहिलंय, पण ते वाचायची वेळ येते तोवर गाडी बऱ्यापैकी पुढे गेलेली असते, पत्रं गेलेली असतात, खाती गोठवलेली असतात आणि मग कुणीतरी मला फोन करतं.

मी पतसंस्थांची कागदपत्रं, ऑडिट, एआर ऑफिसचा म्हणजे सहकार खात्याच्या सहाय्यक निबंधकाच्या कार्यालयाचा पत्रव्यवहार हेच काम करतो. खालचं प्रकरण एकाच संस्थेचं जसंच्या तसं नाहीये, असल्या प्रकरणांत जे जे होतं ते जुळवून मांडलंय, माणसं आणि आकडे ओळखू येऊ नयेत असे ठेवलेत. कलमं आणि नियम मात्र आहेत तसेच.

तालुक्याच्या गावातली बिगरशेती पतसंस्था. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली नोंदलेली, एक मुख्य ऑफिस, दोन शाखा, दारोदार जाऊन रोजची बचत गोळा करणारे पिग्मी एजंट, सोनेतारण, जामीनकी कर्ज, नेहमीचा संसार. सभासद म्हणजे हार्डवेअरचं दुकान असलेले एक काका. जुने सभासद, शेअर्स २० हजारांचे, बचत खात्यावर ३८ हजार, स्वतःच्या नावाच्या दोन ठेव पावत्या मिळून ६ लाख, बायकोबरोबर संयुक्त एक पावती, दुकानाची पिग्मी. स्वतःचं कर्ज शून्य. पण पुतण्याच्या टेंपोच्या कर्जाला जामीनदार, आणि त्या कर्जाचे पाच हप्ते थकलेले. हे पुतण्याचं लक्षात ठेवा, ते शेवटपर्यंत येत राहणार आहे.

काकांनी काय केलं? त्यांनी संस्थेकडे लेखी अर्ज दिला की मागच्या वर्षाचा ताळेबंद, सभांची इतिवृत्तं आणि संचालकांच्या नातेवाईकांच्या कर्जांची यादी द्या. एका संचालकाच्या जावयाचं मोठं कर्ज थकलंय अशी गावात चर्चा होती. अर्जावर पोहोचचा शिक्का मिळाला आणि पुढे दोन महिने काहीच नाही. तिसऱ्यांदा विचारायला गेले तेव्हा काउंटरवर आवाज चढला, कॅशियर मॅडमना नको ते बोलले, लोक जमा झाले. त्याच रात्री व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचा व्हॉइस मेसेज, की संस्थेत खडखडाट आहे, संचालकांनी पैसे आपसात वाटून घेतलेत, ज्यांचे असतील त्यांनी मार्चच्या आत काढून घ्या.

आता हे कुठल्या बँकेबद्दल बोलले असते तर लोकांनी चर्चा केली असती आणि बरेचसे गप्प बसले असते, कारण बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, सहकारी बँकेलाही असतं. पतसंस्थेला ते नाही. हे ठेवीदारांना चांगलं माहीत असतं, त्यामुळे पतसंस्थेबद्दलची अफवा ही थेट तिजोरीवर जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडायच्या आधी रांग. संस्थेने जिल्हा बँकेतली गुंतवणूक मोडून सगळ्यांचे पैसे दिले, कुणाचा एक रुपया अडवला नाही, आणि चौथ्या दिवशी रांग आपोआप ओसरली. संस्था धड होती, मेसेजमधलं "वाटून घेतलेत" खोटं होतं. जावयाचं कर्ज थकलेलं होतं हे मात्र खरं होतं.

त्याच आठवड्यात संचालक मंडळाची तातडीची मीटिंग झाली आणि एकमताने ठराव झाला: "सदर सभासदाचे सभासदत्व रद्द करून त्यांची सर्व खाती बंद करण्यात यावीत." मॅनेजरने कॉम्प्युटरवर बचत खात्याला डेबिट फ्रीज लावला, म्हणजे पैसे काढायला बंदी, पिग्मी एजंटला सांगितलं की उद्यापासून त्या दुकानात जायचं नाही, आणि काकांना पत्र गेलं की आठ दिवसांत ठेव पावत्या घेऊन या आणि मुदतपूर्व दराने पैसे घेऊन जा. काकांनी ते पत्र पण ग्रुपवर टाकलं. "बघा, मी म्हणत होतो ना."

या टप्प्यावर मॅनेजरचा फोन आला, "साहेब, चेअरमनसाहेब म्हणतायत आता शेअर्सचा चेक पण काढा, काढू का?" मी म्हटलं काही काढू नका, काही घालू नका, फाईल घेऊन या.

फाईल बघितल्यावर पहिलं काम होतं एका ठरावात कोंबलेल्या गोष्टी सुट्या करणं. एक, काका संस्थेचे मालक आहेत, शेअर्स घेतलेला सभासद म्हणजे मालकच, ते नातं. दोन, ते ठेवीदार आहेत, तो वेगळा करार. तीन, ते पुतण्याचे जामीनदार आहेत, तो तिसराच करार. चार, काउंटरवर कर्मचाऱ्याला केलेली शिवीगाळ, त्यासाठी पोलीस स्टेशन आहे. संचालकांना हे सगळं एकाच फटक्यात संपवायचं होतं. पण एक तुटलं म्हणून दुसरं तुटत नाही. सभासदत्व गेलं तरी जामीनकी राहते. उलट ठेव परत दिली म्हणून सभासदत्व जात नाही.

मंडळाचा ठराव तर पहिल्या वाक्यालाच कोसळतो. कलम ३५ प्रमाणे सभासदाला काढायचा अधिकार मंडळाला नाहीच, तो सर्वसाधारण सभेला आहे, तेही त्याच कामासाठी बोलावलेल्या सभेला. मंडळाने एकमताने केला काय आणि पेढे वाटून केला काय, कागदाला किंमत नाही. एक संचालक म्हणाले की कलम २५अ खाली कमिटी नाव कमी करू शकते की. करू शकते, पण ते सभासद राहण्याची पात्रताच संपलेल्या किंवा अपात्र ठरलेल्या माणसाचं नाव रजिस्टरमधून काढण्यासाठी आहे. भांडणाऱ्या माणसासाठी नाही. ही पळवाट बरेच जण शोधतात म्हणून मुद्दाम लिहितोय.

डेबिट फ्रीजचं काय? तो कशाच्या आधारावर, असं विचारल्यावर मॅनेजर गप्प. कलम ४६ आहे, सभासदाकडून संस्थेचं येणं असेल तर त्याच्या शेअर्सवर, ठेवींवर, डिव्हिडंडवर संस्थेचा बोजा असतो आणि येणं त्यातून वळतं करून घेता येतं. पण स्वतःचं कर्ज शून्य. मग एका हुशार संचालकांना पुतण्या आठवला. जामीनदार आहेत ना, मग ठेव धरून ठेवू. माझं मत त्यांना आवडलं नाही, तरी सांगितलं, की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते हे बरोबर, पण मग त्यांना जामीनदार म्हणून रीतसर मागणी नोटीस गेली पाहिजे, कर्जदाराला गेली पाहिजे, गरज पडली तर कलम १०१ खाली वसुली दाखल्याचा अर्ज टाकला पाहिजे. पाच हप्ते थकेपर्यंत पुतण्याला साधं पत्र नाही आणि काकांनी मेसेज टाकल्यावर दुसऱ्या दिवशी जामीनकी आठवली, हे कुठल्याही अधिकाऱ्यासमोर वसुली म्हणून उभं राहत नाही, सूड म्हणून राहतं. शिवाय बायकोबरोबरची संयुक्त पावती पण फ्रीज केली होती, काकूंचा तर यात काहीच संबंध नव्हता.

ठेव पावतीचंही तसंच. पावतीवर मुदत छापलेली आहे, दर छापलेला आहे. ठेवीदाराने मुदतीआधी मागितली तर कमी दराने द्यायचा नियम संस्थेचा असतो, पण संस्थेने स्वतःहून मुदतीआधी गळ्यात मारायची आणि वर व्याज कापायचं, याला आधार नाही. मुदत संपल्यावर नूतनीकरण करायचं नाही एवढं संस्थेच्या हातात असतं. पिग्मीचं पण, चालू मुदत पूर्ण होऊ द्या, नवीन उघडू नका.

फ्रीज त्याच दिवशी काढला. आठ दिवसांचं पत्र मागे घेतल्याचं दुसरं पत्र गेलं, दोन ओळींचं. ते ग्रुपवर टाकायचं काकांना सुचलं नाही!

इथे एक सांगतो, काका रागाच्या भरात म्हणत होते की आरबीआयला तक्रार करतो, त्यांच्या लोकपालाकडे जातो. ते पतसंस्थेला लागू नाही. पतसंस्थेवर रिझर्व्ह बँकेचा वचक नसतो, तक्रार करायची तर सहाय्यक किंवा उपनिबंधकाकडे, वाद असेल तर कलम ९१ खाली सहकार न्यायालयात. ठेवीच्या सेवेबद्दल ग्राहक मंचाचा, म्हणजे आताच्या ग्राहक आयोगाचा, रस्ताही बंद नाही, डिसेंबर २००३ मध्ये सुप्रीम कोर्टाने थिरुमुरुगन सहकारी कृषी पतसंस्थेच्या प्रकरणात सांगितलंय की सहकार कायद्यात वादाची वेगळी सोय आहे म्हणून ग्राहक मंचाची दारं बंद होत नाहीत. ते प्रकरण तामिळनाडूचं, पण मुद्दा सगळीकडे चालतो. म्हणजे काकांकडे रस्ते होते आणि संस्थेने फ्रीज ठेवला असता तर बहुतेक ते जिंकले असते.

आता खरा प्रश्न, काढायचंच असेल तर आधार आहे का? महाराष्ट्र सहकारी संस्था नियम १९६१ मधला नियम २८ बघा, कुणाला काढता येतं ते त्यात आहे. सतत थकबाकी ठेवणारा, संस्थेशी व्यवहारात पोटनियम न पाळणारा, संस्थेची बदनामी करणारा, किंवा संस्थेच्या हिताला आणि कामकाजाला बाधा आणणारी कृत्यं करणारा. काकांचा मेसेज बदनामीत बसू शकतो, मला त्यात शंका नव्हती. खोटं बोलून ठेवीदारांना पळवणं हे संस्थेच्या मुळावर येणं आहे, आणि "मी सभासद आहे, मला बोलायचा हक्क आहे" हे त्याला उत्तर होत नाही. काउंटरवरचं वागणं पण गंभीर.

पण संचालकांनी तयार केलेल्या नोटिशीच्या मसुद्यात पहिला आरोप काय होता माहितीये? "संस्थेच्या कारभाराबाबत वारंवार लेखी अर्ज करून त्रास देणे." मी तो खोडला. कलम ३२ प्रमाणे सभासदाला ताळेबंद, नफातोटा पत्रक, सभासद रजिस्टर, सर्वसाधारण सभेची आणि मंडळाच्या सभांची इतिवृत्तं आणि स्वतःच्या व्यवहाराचे उतारे बघायचा हक्क आहे, फी भरली की एक महिन्यात नक्कल द्यायची असते. इतर सभासदांच्या कर्जखात्यांची यादी यात येत नाही, ती नाकारता आली असती, लेखी नाकारायला हवी होती. पण गंमत पुढे आहे. संचालक आणि त्यांच्या कुटुंबातल्या लोकांना दिलेल्या कर्जाचं, परतफेडीचं आणि थकबाकीचं पत्रक दरवर्षी वार्षिक सभेपुढे ठेवायलाच लागतं, कलम ७५ मध्ये आहे, आणि तिथे कुटुंबात जावई पण येतो. म्हणजे काका जे मागत होते ते संस्थेने न मागता सगळ्या सभासदांना वाचून दाखवायला हवं होतं. ते पत्रक अहवालात नव्हतंच. हे मी चेअरमनसाहेबांना दाखवलं तेव्हा खोलीत जरा शांतता पसरली, मग कुणीतरी चहा मागवला.

माझा सल्ला तेव्हाच असा होता की हकालपट्टी सोडा. कागदपत्रं द्या, मेसेजबद्दल लेखी खुलासा मागा, काउंटरवरच्या प्रकाराची पोलिसांत नोंद करा, पुतण्याच्या वसुलीची फाईल रीतसर सुरू करा. पण इलेक्शन दीड वर्षावर होती आणि मंडळातल्या तिघांना "आम्ही ऐकून घेत नाही" हे दाखवायचंच होतं. ठीक आहे म्हटलं, मग नियमाने करू.

नियम २९ मध्ये पद्धत दिलीये. ज्याला काढायचं त्याला वेगळी नोटीस द्यायची, आरोप लिहून, आणि नोटिशीच्या तारखेपासून एक महिन्याच्या आत सभा घ्यायची नाही. सर्वसाधारण सभेच्या नोटिशीचा पोटनियमातला कालावधी वेगळा आणि हा एक महिना वेगळा, यात भरपूर संस्था घसरतात. सभेची नोटीस सगळ्यांना गेली, त्यात विषय लिहिला, म्हणजे झालं असं समजतात. नाही झालं. त्या माणसाला स्वतंत्र, आणि पोहोच हातात. आम्ही रजिस्टर पोस्टाने पण पाठवली आणि शिपायाकडून सही घेऊन पण दिली. विषयपत्रिकेवर "अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय" मध्ये हकालपट्टी घुसवायची कल्पना एकाने मांडली होती, तिच्यावर बोलण्यातही अर्थ नाही.

सभा मंगल कार्यालयात झाली. काका आले, इस्त्रीचा शर्ट, हातात टाईप केलेलं निवेदन. त्यांनी कॅशियर मॅडमची सगळ्यांसमोर माफी मागितली, मेसेजमधली "वाटून घेतलेत" ही भाषा चुकीची होती हे मान्य केलं, आणि मग म्हणाले की प्रश्न मात्र मागे घेत नाही, जावयाच्या कर्जाचं उत्तर द्या. त्यांना पूर्ण बोलू दिलं, मी आधीच चेअरमनना सांगून ठेवलं होतं की इथे घंटा वाजवायची नाही. सभासदाला बाजू मांडायची संधी दिली नाही तर ठराव वैधच नसतो, कलमातच आहे.

मतदान हात वर करून. सेक्रेटरींनी मोजलं, ठरावाच्या बाजूने १४८, विरोधात ३५. चेअरमननी माईक घेतला, "तीन चतुर्थांशापेक्षा जास्त बहुमताने ठराव मंजूर." टाळ्या. १४८ आणि ३५ मिळून १८३, त्याचे तीन चतुर्थांश १३७ आणि वर थोडं, म्हणजे १३८ लागतात, मिळाली १४८. हिशोब बरोबर दिसतो ना?

चुकीचा आहे. कलम ३५ म्हणतं, सभेला हजर असलेल्या आणि मताचा हक्क असलेल्या सभासदांच्या तीन चतुर्थांश. मत दिलेल्यांच्या नाही. जे हजर होते आणि हात खाली ठेवून बसले ते पण मोजायचे. हजेरी रजिस्टरवर सह्या होत्या २३२. त्यातले २० नाममात्र सभासद, त्यांना मताचा हक्क नसतो, ते वजा केले. राहिले २१२. त्याचे तीन चतुर्थांश १५९. मिळाली १४८. अकरा मतांनी ठराव पडला. २९ माणसं हात वर न करता बसली होती, आणि गावात कुणाशीच वाईटपणा नको म्हणून बसली होती, त्यांना माहीतही नव्हतं की गप्प बसणं म्हणजे काकांच्या बाजूने मत होतं.

हा घोळ आला कुठून तर शेजारच्या मल्टीस्टेट, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत चालणाऱ्या संस्थेतून. तिथला एक माणूस यांच्या सेक्रेटरींचा मित्र, त्याने सांगितलं होतं की "हजर राहून मत देणाऱ्यांच्या" हिशोबाने मोजायचं. मल्टीस्टेटला ते खरं आहे, २००२ च्या बहुराज्य कायद्याच्या कलम ३० मध्ये हजर राहून मत देणाऱ्यांच्या दोन तृतीयांश असंच आहे. यांनी मोजायची पद्धत तिकडची घेतली आणि प्रमाण इकडचं. आणि महाराष्ट्राच्या कायद्यात निबंधकाची मंजुरी लागते. मंजुरीशिवाय ठराव लागूच होत नाही.

मी स्टेजवरच चिठ्ठी पाठवली होती, ती कुणी वाचली नाही. दुसऱ्या दिवशी प्रोसिडिंग लिहिताना पुन्हा सांगितलं. तरी दोघा संचालकांचा आग्रह, पाठवून तर देऊ, तीन महिन्यांत निबंधकांनी काही कळवलं नाही तर ठराव आपोआप लागू होतो, अशी तरतूद आहे म्हणे. तरतूद आहे, हे खरं. पण एआर ऑफिस झोपेल या भरवशावर खोटी बेरीज पाठवायची? प्रस्ताव गेला. तीन आठवड्यांत परत आला, मताधिकार असलेल्या हजर सभासदांची यादी जोडा, नाममात्र सभासद वेगळे दाखवा. यादी जोडली की १५९ आणि १४८ समोरासमोर येणार होते. संस्थेने प्रस्ताव मागे घेतला.

समजा झाला असता मंजूर, तर पुढे काय? हे लोक विचारतात म्हणून थोडक्यात. मंजुरीच्या तारखेपासून सभासदत्व संपतं. एक वर्ष त्याच संस्थेत परत येता येत नाही आणि दुसऱ्या संस्थेतही सभासद होता येत नाही, निबंधकांनी खास परवानगी दिली तरच, आणि माझ्या मते ही शिक्षा लोक समजतात त्यापेक्षा मोठी आहे, कारण गावातल्या माणसाचं सोसायटी, पतसंस्था, दूध संघ सगळीकडे काहीतरी असतं. नियम २८ प्रमाणे शेअर्स जप्तही होऊ शकतात. परत द्यायचे झाले तर कलम २९ प्रमाणे एका आर्थिक वर्षात संस्था मागच्या ३१ मार्चच्या वसूल भागभांडवलाच्या १० टक्क्यांपर्यंतच अशी रक्कम परत करू शकते, २० हजारांना ते अडत नाही पण मोठ्या सभासदाला अडतं. ठेवी मुदतीप्रमाणे, व्याजासकट. जामीनकी तशीच.

अमेरिकेतल्या क्रेडिट युनियन म्हणजे आपल्या पतसंस्थांची चुलत भावंडं, तिकडे गेलेल्या आपल्या काही लोकांची पगाराची खाती तिथेच असतात. तिथला केंद्रीय कायदा १९३४ चा, आणि त्यात जवळपास ९० वर्षं आपल्यासारखंच होतं, सभासद काढायचा तर खास सभा बोलवा, सभासदाला बोलू द्या, हजर असलेल्यांच्या दोन तृतीयांश मतांनी काढा. हजारो सभासदांच्या संस्थेत एका दमदाटी करणाऱ्या माणसासाठी सभा कोण बोलावणार, म्हणून संस्था दुसरा मार्ग वापरायच्या, सेवा कमी करायच्या. कर्ज बंद, कार्ड बंद, शाखेत यायला बंदी, पण एक छोटं शेअर खातं आणि मताचा हक्क शिल्लक, कारण तो काढायचा अधिकार मंडळाला नव्हता. मार्च २०२२ मध्ये कायदा बदलला, आता संचालक मंडळ दोन तृतीयांश मतांनी काढू शकतं, आणि जुलै २०२३ मध्ये तिथल्या नियामकाने, म्हणजे एनसीयूएने, नियम केले. कारणं ठरलेली आहेत: सभासद कराराचा मोठा किंवा वारंवार भंग, कामकाजात मोठा किंवा वारंवार अडथळा, त्यात धोकादायक किंवा शिवीगाळीचं वागणं येतं, आणि फसवणूक किंवा संस्थेशी संबंधित गुन्हा. नोटीस मिळाल्यावर सभासदाला सुनावणी मागायला ६० दिवस मिळतात. सुनावणीनंतर मंडळाने ३० दिवसांत ठरवायचं. आणि काढलं तरी कर्ज फिटत नाही, येणं वजा करून शेअर्सचे पैसे हातात.

हे ऐकून आमचे एक संचालक म्हणाले, बघा, पुढारलेल्या देशात मंडळालाच अधिकार दिलाय. मला ते इथे आलेलं अजिबात चालणार नाही. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला मारहाण झाली तर तिकडची पद्धत बरी, मान्य आहे, खास सभेची दोन महिने वाट बघणं हास्यास्पद आहे. पण आपल्याकडे ज्याला काढायचं असतं तो दहातल्या आठ वेळा मंडळालाच प्रश्न विचारणारा असतो, आणि या प्रकरणात मंडळाच्या हातात अधिकार असता तर काका पहिल्याच आठवड्यात बाहेर गेले असते आणि जावयाचं कर्ज फाईलमध्ये राहिलं असतं. त्या २९ गप्प बसलेल्या लोकांमुळे तरी ते टळलं. सेवा कमी करायची तिकडची पद्धत मात्र मला आवडते. ती मी इथे थोडी वापरली पण.

प्रस्ताव मागे घेतल्यावर काकांना लेखी ताकीद गेली, मंडळाच्या ठरावाने, आणि सोबत असं की यापुढे तुमचं काम मॅनेजरच्या केबिनमध्ये होईल, काउंटरवर नाही, नवीन ठेवी आणि नवीन पिग्मी संस्था घेणार नाही, चालू ठेवी मुदतीपर्यंत पूर्ण दराने. सभेला यायचा, मत द्यायचा, कागद बघायचा हक्क शाबूत. कॅशियर मॅडमनी पोलिसांत अदखलपात्र नोंद केली होती ती राहिली, ती त्यांनी मागे घ्यावी असा दबाव दोन्ही बाजूंनी आला, त्यांनी घेतली नाही, बरं केलं. काकांनी ग्रुपवर दुसरा मेसेज टाकला, पहिल्यापेक्षा बराच छोटा आणि हळू आवाजातला. ताळेबंद आणि इतिवृत्तांच्या नकला त्यांना दिल्या. पुढच्या वार्षिक सभेच्या अहवालात संचालकांच्या कुटुंबाच्या कर्जाचं पत्रक आलं, एक पान, आणि त्यातल्या एका ओळीवर पाऊण तास चर्चा झाली. जावयाने त्याआधीच निम्मी थकबाकी भरली होती.

पुतण्याला आणि काकांना, दोघांना मागणी नोटिसा गेल्या. टेंपो विकायला निघाला होता.

आणि मग काकांचा अर्ज आला: मला या संस्थेत राहायचं नाही, राजीनामा मंजूर करून शेअर्सची रक्कम द्या. मंडळाला आनंद व्हायला हवा होता. पण संस्थेच्या पोटनियमात स्पष्ट आहे की सभासद स्वतः कर्जदार असेल किंवा कुणाला जामीनदार असेल तोवर राजीनामा मंजूर करता येत नाही. ज्या मंडळाने त्यांना काढायला मंगल कार्यालय भाड्याने घेतलं होतं त्याच मंडळाने "आपला राजीनामा सध्या मंजूर करता येत नाही" असा ठराव केला. चेअरमनसाहेबांनी सही करताना माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही.

टेंपो विकला गेला, काही रक्कम काकांनी स्वतः घातली, कर्जखातं बंद झालं. त्यानंतरच्या मीटिंगमध्ये राजीनामा मंजूर, शेअर्सची रक्कम दर्शनी किमतीने बचत खात्यात, मग बचत खातं बंद, 'आय' नमुन्याच्या सभासद रजिस्टरमध्ये सभासदत्व संपल्याची तारीख आणि कारण, 'जे' नमुन्याच्या सभासद यादीतून नाव कमी. संयुक्त पावतीची मुदत अजून बाकी होती, ती तशीच चालू ठेवली. पत्रात एक ओळ मी मुद्दाम घालायला लावली, कलम ३३ ची, की सभासदत्व संपलं त्या तारखेला संस्थेची जी देणी होती त्यांच्यापुरती माजी सभासदाची जबाबदारी पुढे दोन वर्षं राहते. काकांनी ती ओळ वाचून फोन केला, म्हणजे आता दोन वर्षं मला ताळेबंद मागता येईल का? मी म्हटलं नाही काका, तो हक्क सभासदाचा.